वरलक्ष्मीची झोप

वरलक्ष्मीच्या बांगड्यांचा अखिलेला कधी हेवा वाटला नाही. तिच्या लेकाची चेन्नईतली नोकरी, तिच्या परसातलं लिंबू, तिच्या हातची पच्चडी, सगळं अखिलेनं गिळलं आणि पचवलं. पचलं नाही ते एकच. वरलक्ष्मीची झोप.

दोघी सख्ख्या जावा. तंजावरात राजवाड्यामागच्या गल्लीत समोरासमोर घरं. अखिला थोरली, रघुपतीची बायको. वरलक्ष्मी धाकटी, हनुमंतरावाची. सकाळी दारापुढं सडा घालून रांगोळी काढताना दोघींची गाठ पडायची. अखिला यायची ती कमरेला हात लावून, डोळ्यांखाली काळं घेऊन. वरलक्ष्मी यायची ती नुकत्याच तोडलेल्या केळीच्या पानासारखी तकतकीत.

"वैनी, पडले की मेलेच बघा मी," ती म्हणायची. "कधी उजाडलं तेही कळत नाही."

"बरं आहे की," अखिला म्हणायची, आणि रांगोळीचा ठिपका चुकायचा.

हे दुखणं सुरू जालं ते वरलक्ष्मीनं नवी गादी आणल्यापासून. त्याआधी दोन्ही घरांत झोप सारखीच होती, म्हणजे बेताची. दोघीही सकाळी कण्हत उठायच्या, आणि दोघींनी मिळून कण्हण्यात एक सुख असतं. ते सुख वरलक्ष्मी एकटीच सोडून गेली.

अखिलेची गादी सावरीच्या कापसाची, लग्नात माहेरनं दिलेली. तमिळमध्ये त्याला इलवम पंजू म्हणतात. अधूनमधून ती उसवायची, कापूस उन्हात टाकायचा, पिंजून घ्यायचा, पुन्हा भरायचा. पिंजणारा म्हातारा गेला, त्याचा लेक आता मोबाइल दुरुस्त करतो. तेव्हापासून त्या गादीत गोळे धरले. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत अखिलेचा उभा जन्म गेला, आणि जाण्यायेण्याचा वेळ बसमध्ये, तोही उभ्यानंच. तेव्हा थकव्यापुढं गोळे टोचायचे नाहीत. निवृत्त जाली आणि एकेक गोळा ओळखीचा जाला.

"नवी मेत्तै घ्यायची," तिनं एक दिवस नवऱ्याला सांगटलं. गादीला त्या घरात मेत्तैच म्हणत.

रघुपतीनं पेपरातून मान वर केली नाही. "हीस काय जालं?"

"हीस काही जालं नाही. माझ्या पाठीस जालं. आणि वरलक्ष्मीच्यापेक्षा जास्त दिवस टिकेल अशी घ्यायची."

"तिची किती दिवस टिकणार ते तुज काय ठाऊक?"

"तिच्या हातात काय टिकलंय आजवर," अखिला म्हणाली. हे खोटं होतं. वरलक्ष्मीकडे सासूच्या काळातला पितळी तांब्याही अजून चकचकीत होता.

दुकानात गाद्या ओळीनं मांडल्या होत्या, लग्नाच्या पंगतीसारख्या. काथ्याच्या, रबराच्या, स्प्रिंगच्या. विकणारा पोरगेला माणूस नम्रपणे तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा, पडून बघा. पडल्याशिवाय कळत नाही."

आता परक्या गड्यांसमोर, भर दुकानात, दिव्यांच्या लखलखाटात आडवं व्हायचं? आमच्या तंजावरी मराठी घरांतली बाई सासऱ्यासमोर कधी पाय लांब करून बसली नाही. अखिलेनं तळहातानं गादी दाबली, जशी दुधी निवडताना दाबावी. मग नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्ही पडा."

रघुपती पडला. काथ्याच्या कडक गादीवर उताणा, चप्पल काठाबाहेर. अखिला दुसऱ्या गादीचा टाका निरखून परत आली तोवर तो घोरत होता.

"हीच," अखिला म्हणाली. "बघा कशी लागली."

इथंच चुकलं. हा माणूस तिरुवैयारूच्या बसमध्ये उभ्या उभ्या झोपलेला. लग्नाच्या मंडपात नादस्वराच्या पुढ्यात झोपलेला. त्याच्या पाठीला विचारून गादी घ्यायची म्हणजे बैलाला विचारून चटणीत मीठ घालायचं. पण अखिलेच्या डोक्यात तेव्हा पाठ नव्हतीच. वरलक्ष्मी होती.

गादी घरी आली. जास्त टिकावी म्हणून अखिलेनं तिचं प्लास्टिक काढलंच नाही, वरून चादर घातली. मग रिवाजाप्रमाणे जावेला बोलावलं, हळदीकुंकू लावलं, पानसुपारी दिली आणि खोलीत नेलं.

वरलक्ष्मीनं कड चाचपली. "कडक आहे हो वैनी. आणि कुरकुरती काय?"

"नवी आहे ती."

"तुम्ही कुशीवर झोपता. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा थोडा आत गेला पाहिजे, नाहीतर हाडाला रग लागते. भाऊजींचं वजन आहे, त्यांस चालेल कडक. मी तर दुकानात कुशीवर चांगली वेळभर पडले. लोक बघत होते. म्हणट्लं, बघू देत, त्यांच्याकडे थोडीच झोपायचं आहे. तुम्ही पडून बघितलंत ना?"

"न बघता कोण घेतं," अखिला म्हणाली. "काय झोप लागते सांगू. दगडासारखी."

दगडाचं खरं होतं. तो खालून लागायचा. रोज रात्री खांदा एका बाजूनं ठणकायचा, कूस बदलली की दुसऱ्या. जरा हललं की प्लास्टिक चुरमुऱ्यासारखं वाजायचं, आणि कावेरीकाठच्या उकाड्यात पाठ चादरीसकट भिजायची. शेजारी रघुपती सुखानं घोरत होता. आधी एका जावेच्या झोपेचा हेवा होता, आता त्यात घरच्या नवऱ्याची भर पडली. तिच्या पैशाची गादी, तिनं निवडलेली, आणि झोप त्याला. त्याला कोपरानं ढोसून ती म्हणायची, "घोरू नका." तो "हं" म्हणून पुन्हा घोरायचा.

आणि सकाळी वरलक्ष्मी. "लागली का वैनी?"

"लागली तर."

खरं सांगितलं असतं तर वरलक्ष्मी उठून दुकानात आली असती, दहा गाद्या दाबल्या असत्या, तोडगा काढला असता. तेच नको होतं. तिच्या हातची झोप घेण्यापेक्षा जागं राहिलेलं बरं. असं अखिला ठरवायची, आणि दुपारपर्यंत तिला बसल्या जागी पेंग यायची. एकदा रसमच्या जागी कॉफीत मिरपूड पडली. रघुपतीनं ती निमूट प्यायली, म्हणाला, "सर्दीस बरी."

त्या कॉफीनंतर अखिला एकटीच दुकानात गेली. उन्हाची वेळ, गिऱ्हाईक नाही. गल्ल्यावर एक बाई होती.

"बदलून मिळेल?"

"प्लास्टिक फाडलं नसेल तर मिळेल, अम्मा. पावतीवर थोडेच दिवस राहिलेत मुदतीचे."

अखिलेनं चपला काढल्या, पदर तोंडावर ओढला आणि आडवी जाली. कुशीवर, घरी झोपते तशी, गुडघे दुमडून. पहिली गादी कडक. दुसरी इतकी मऊ की कंबर विहिरीत गेली. तिसरीवर खांदा हलकेच आत शिरला, कंबर वर उचलून धरल्यासारखी जाली, आणि कुठूनतरी गार वारा आला. तो गल्ल्यावरच्या बाईनं लावलेला पंखा होता, पण हे अखिलेला बऱ्याच वेळानं कळलं. जागी जाली तेव्हा पदरावर लाळेचा डाग होता आणि दारातलं ऊन सरकून गेलं होतं.

"हीच द्या," ती म्हणाली.

"राजवाड्यामागून आलात ना?" बाई हसली. "तिकडच्याच एक अम्मा अशाच झोपल्या होत्या, ह्याच गादीवर. त्यांनीही हीच नेली."

अखिलेनं गादीवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "दुसऱ्या दाखवा."

दाखवल्या. ती प्रत्येकीवर पडली. एकीवर मान आखडली, एकीवर टाच लागली. एक जवळजवळ बरी वाटली. तिनं डोळे मिटून तिला पुष्कळ संधी दिली, तोंडावरचा पदर नीट केला, श्वास लांब घेतला. खांदा ऐकेना. परत येऊन ती तिसरीवर पडली, आणि खांदा असा आत गेला, जसा माहेरच्या दारातून माणूस आत जातो. अखिलेला खांद्याचा राग आला.

"हिच्यात रंग दुसरा आहे?"

"तपकिरी आहे."

"तपकिरी द्या."

गाडीतून गादी उतरली तेव्हा वरलक्ष्मी समोर तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, शेंगा निवडत होती. "वैनी, ही तर माझीच."

"तुझी कशी? तुझी निळी."

"आतून तेच ना?"

"आत कोण बघतं," अखिला म्हणाली, आणि ह्या वेळी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. प्लास्टिक मात्र दारातच फाडलं. रघुपतीला नवी गादी फार मऊ लागली. तो कोरै गवताची चटई घेऊन जमिनीवर गेला, आणि तिथंही पडल्या पडल्या घोरू लागला.

अखिलेला झोप लागली. कूस बदलल्याचीही आठवण राहिली नाही. उठली तेव्हा गल्लीत दूधवाला येऊन गेलेला, खांदा जागेवर, डोकं धुतल्यासारखं. क्षणभर तिला फार बरं वाटलं. मग समोरून वरलक्ष्मीची बादली वाजली, आणि अखिलेच्या मनात हिशेब सुरू जाला: ही सटवी असं सुख किती महिन्यांपासून घेते आहे, आणि मज एका शब्दानं म्हणाली नाही की वैनी, माझ्या गादीवर एक दुपार पडून बघा.