मालक वारले, गिटार विकणे आहे

विलास गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. जाहिरातीतून कळलं. अकोल्यातलं माझं झेरॉक्सचं दुकान उघडून, सवयीप्रमाणे फोनवर जुन्या गिटारींची साइट बघत होतो, तर एक ओळखीचा फोटो समोर आला. कोलकात्याला बनलेली, कडेकडेनं तांबूस होत गेलेली जुनी पोकळ गिटार आणि मागे अमरावतीच्या त्याच्या खोलीतली हिरवी भिंत. खाली ओळ : मालक वारले, गिटार विकणे आहे. त्याखाली लोकांचे प्रश्न. ‘शेवटचा भाव बोला.’ ‘कव्हर सोबत मिळेल का?’ कोण वारलं, हे एकानंही विचारलं नव्हतं... मी फोन काउंटरवर आपटला. समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

विलासचं अमरावतीत फुलांचं दुकान. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. वडील गेले, हार गुंफायला बसला आणि गिटार सुटली. पन्नाशीत पुन्हा धरली ती जुनीच. नवी त्याला चालायची नाही. ‘नवीपाशी सांगाले काई नसते,’ म्हणायचा. आमची ओळखच रागातून झाली. चांदूर बाजारच्या एका विक्रेत्यानं एकच गिटार आम्हा दोघांना ‘फक्त तुमच्यासाठी ठेवली’ म्हणून सांगितली आणि एकाच दुपारी घरी बोलावलं. आम्ही अंगणात समोरासमोर, आणि हा मधे उभा राहून हसत हसत भाव चढवायला लागला. विलासनं गिटार उलटी केली, मानेजवळचं पॉलिश नखानं खरवडलं. खाली चीर निघाली, रंगानं बुजवलेली.

‘हे चीर फोटोत काऊन नाई दाखवली?’

‘जुना माल आहे, एवढं चालतंच.’

‘माल?’ विलासचा आवाज चढला. ‘कोनंतरी पोटाशी धरून वाजवली हाय हे. माल म्हनतं बे!’ मग माझं कोपर धरून म्हणाला, ‘चाला भाऊ. याच्या घरचं पानीबी नोको.’ नावं आम्ही एकमेकांना विचारली ती बसस्टँडवर, चहा पिताना.

पुढची सगळी वर्षं जाहिराती आम्ही जोडीनं बघितल्या. तो विक्रेत्यांचं डोकं खायचा. पाठीचा फोटो पाठवा, सांध्याचा पाठवा, आत टॉर्च मारून पाठवा. कितीतरी जणांनी त्याला ब्लॉक केलं. ‘मोडकी असन त मोडकी म्हना, मी घेतो. पन लपवू नोका.’ गेलं वर्षभर मात्र भेटायला येतो म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘आता नोको, दुकानात गर्दी हाय. सणवार होऊ दे.’ मी विश्वास ठेवला.

जाहिरात पाहिल्यावर तशीच अमरावतीची बस धरली. वाटेत घरच्यांना काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होतो. वहिनींनी दार उघडलं. मी चप्पलही काढली नाही.

‘वहिनी, तेरवी झाली-नाई झाली त बाजार मांडला तुमी?’

त्यांनी खुर्ची पुढं केली. ‘त्याईचा फोन लॉक हाय, भाऊजी. माह्यापाशी कोनाचाच नंबर नाई. तुमी लोकं सकाळी देवाच्या आंधी ते साइट पायता, एवढं मले ठाऊक व्हतं. पोरीले म्हनलं, टाक फोटो. ज्याले समजाचं त्याले समजन... मले नाई इकाची ते.’

पोटाचा कॅन्सर. वर्षभर. ‘कोनाले सांगू नोको, लोकं कीव करतीन’ असं त्यानं बजावलं होतं म्हणे. मी खुर्चीत बसलो. घरच्यांवरचा राग गेला, पण निवळला नाही; आहे तेवढा सगळा त्याच्यावर आला. दुसऱ्याच्या गिटारीतली केसाएवढी चीर उजेडात धरणारा माणूस, आणि मला सांगतो दुकानात गर्दी आहे!

वहिनींनी गिटार माझ्या हातात दिली. मी तारांवर बोटं फिरवली, तर आवाजच नाही. तारा नुसत्या लोंबत होत्या. भिंतीवर टांगलेल्या बाकीच्या गिटारींना हात लावून बघितला. सगळ्या तशाच. बरेच दिवस वाजवायची नसेल तर मान वाकू नये म्हणून तारा सैल करून ठेवतात.

‘दवाखान्यात जायच्या आंधी दिवसभर हेच करत बसले व्हते,’ वहिनी म्हणाल्या. ‘म्हनलं, कोनाले फोन लावू का? त नाई म्हने, आंधी हे होऊ दे.’

ती गिटार आता अकोल्यात माझ्याकडे आहे. तारा अजून सैलच आहेत. वाजवावीशी वाटते, हात तारा ताणायच्या खुंटीपर्यंत जातो... आणि त्याचा इतका राग येतो, की हात तिथंच थांबतो.