शेपूट नसलेलं विमान आणि माझा आकडा

परवा नात नखांना रंग लावत बसली होती. तो उग्र वास नाकात शिरला आणि मी चाळीस वर्षं मागं, तुमसरच्या राइस मिलच्या धान वाळवायच्या पटांगणात जाऊन पडलो.

बंगलोरच्या विमान कारखान्यात नकाशे काढणारा मावसभाऊ वसंतादादा स्वतः आखलेल्या विमानाचं मॉडेल घेऊन आला होता. त्याच्या रंगालाही असाच वास. आवाजापेक्षा जोरात पळणाऱ्या विमानाचा तो नमुना, आणि त्याला शेपूटच नाही! वेग उतरल्यावर ते ताब्यात राहतं का, हे दोन तारांना बांधून, गोल फिरवून बघायचं होतं. तारांची मूठ माझ्या हातात, आणि विमान किती ताब्यात राहिलं त्याचा एक ते दहा आकडाही मीच द्यायचा.

"एक म्हंजे लोण्यावानी चाललं, दहा म्हंजे पायलट मेला. तू सांगशील त्या आकड्यावर मी सही करतो," दादा म्हणाला.

इंजिन असं किंचाळलं, की पार वरठी गावापर्यंतची कुत्री खाटेखाली शिरली. वेगात होतं तोवर विमान गुणी होतं. तेल संपत आलं तसं नाक वरखाली उसळू लागलं. मी सावरायला जावं, तर ते आणखीच उसळे. तारा बोटांत रुतल्या. शेवटी ते धानात घुसलं.

"सांग ना बे! दोन? तीन?" दादानं कारखान्याचा कागद गुडघ्यावर पसरला.

वैनगंगेत रेल्वेच्या डब्याएवढा मासा धरल्याचं शपथेवर सांगणारा मी. म्हणालो, "आठ, दादा. येच्यात मानूस नोको बसवू."

त्यानं आठ लिहिला, सही केली आणि चहा न घेताच निघाला.

बंगलोरात मूठ धरणारे काय कमी होते? आज कळतं, दादा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा थापाड्या शोधत आला होता, आणि मी नेमका त्याच दिवशी खरं बोललो.