क्रूस घरी राहिला

महाडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये एक लाकडी क्रूस आहे. तो दर रविवारी मिस्सा झाली की कुणाच्या तरी घरी जातो, आणि त्या घरातलं एखादं मूल फादर किंवा सिस्टर व्हावं म्हणून आठवडाभर तिथे प्रार्थना होते. सगळे ती मोठ्याने म्हणतात आणि क्रूस परत देताना सुटल्यासारखे हसतात. त्या हसण्याची मला चीड यायची. "येशूच्या मागे जायचं ते शेजाऱ्याच्या पोरांनीच, नाही का?" असं मी तोंडावर ऐकवायचे.

गेल्या पावसाळ्यात क्रूस आमच्याकडे आला आणि त्याच आठवड्यात आंबेनळीत दरड कोसळली. घाट बंद, त्यामुळे पलीकडून येणारे फादर येईनात, मिस्सा होईना. क्रूस टीव्हीशेजारीच राहिला. माझी एकुलती एक मुलगी त्याच्यासमोर जाऊन बसू लागली. जेवतानाही ती एकटक तिकडेच बघायची. माझी प्रार्थना हळू होत गेली, मग नुसते ओठ हलू लागले.

घाट सुटला त्या रविवारी मी घाईघाईने क्रूस फडक्यात गुंडाळला. मुलगी दारात उभी होती.

"दे आता पुढच्या घरी," ती शांतपणे म्हणाली. "आपल्याकडचं त्याचं काम झालं, आई."