वाढलेल्या बांगड्या

जुन्नरच्या बाजारात बांगड्या भरणारे एक म्हातारे चाचा बसायचे. बाईचा पंजा दोन्ही हातांत धरून ते हळूहळू दाबायचे आणि म्हणायचे, "हात सैल सोड, माय." त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

शहरांत दंगली झाल्या त्या वर्षी माझ्या चुलत दिरानं आणि त्याच्या मित्रांनी त्यांचं दुकान लाथेनं उलथवलं. मी आणि सासूबाई तिथंच होतो. रस्ताभर हिरव्या काचा झाल्या. चाचा खाली वाकून त्या वेचायला लागले.

"समद्या फुटल्या का वो?" सासूबाईंनी विचारलं.

"फुटल्या नका म्हणू, माय. सवाष्णी उभ्या आहेत. वाढल्या म्हणा."

बांगडी तुटली की आम्हीही वाढली असंच म्हणतो. त्या दिवशी मात्र तो शब्द मला ऐकवेना.

दीर ओरडला, "काकू, ह्याच्याकडं भरायच्या न्हाईत!"

"मग तू बस भरायला," असं म्हणून सासूबाईंनी काचा सारल्या आणि चाचांपुढं हात धरला. उरलेल्यांतल्या बांगड्या चाचांनी भरल्या. रिवाजाप्रमाणे आम्ही दोघींनी त्यांना वाकून नमस्कार केला.

"सुखी राहा," ते म्हणाले. मग दिराकडं बघत त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "ह्याच्या लग्नात बांगड्या भरायला मीच यायचं ना?"

"तर वो, तुमीच," सासूबाई म्हणाल्या.

लग्नात मंचरहून दुसरा माणूस आला. सासूबाई डोकं दुखतंय म्हणून आत झोपून राहिल्या.