नाही म्हणायची तालीम

माझ्या धाकट्या भावाने आयुष्यात कुठल्याही साहेबाला 'नाही' म्हटलं नव्हतं. झरीच्या आमच्या पाड्यावर तशी पद्धतच आहे. तलाठी येवो, जंगलखात्याचा माणूस येवो, मतं मागणारा येवो, त्याच्या तोंडावर नाही म्हणणं हा उद्धटपणा. हो म्हणायचं, आणि माणूस वळला की आपल्या कामाला लागायचं. पिढ्यान्‌पिढ्या आमचं यावर छान चाललं होतं.

मग रानशेतकडच्या एका चिकूवाडीतून पाण्याचा पंप चोरीला गेला. भाऊ तिथे मजुरीला जायचा, म्हणून पोलिसांनी त्याला बोलावलं. मी डहाणूला राहतो, शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. अटकेनंतर चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे हजर करावं लागतं, आपल्या पसंतीचा वकील करण्याचा हक्क असतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. परीक्षेत दोन गुणांना येतं. प्रत्यक्षात मी भावाला फोनवर एवढाच सल्ला दिला, "साहेबांशी नीट बोल."

तो फारच नीट बोलला.

"वाडीत कामाला होतास?"

"हो साहेब."

"पंप बघितला होतास?"

"हो साहेब."

"मग तूच नेलास?"

"हो साहेब."

पंप गेला त्या दिवशी तो डहाणूला माझ्या घरावर पत्रे बसवत होता. तेही मी ये म्हटलं म्हणूनच.

त्याला अटक झाली. दुसऱ्या दिवशी कोर्टाने नेमून दिलेल्या एका वकीलबाईंनी त्याला जामीन मिळवून दिला. बाई तरुण, आवाज बारीक, आणि फी काहीच नाही. तेवढ्यावरून आमच्या मामांनी निकाल दिला की ही वकील खरी नव्हे. पसंतीचा वकील करण्याचा हक्क मग मामांनीच बजावला. त्यांच्या पसंतीच्या वकिलाच्या ऑफिसला काचेचं दार होतं, खुर्ची गोल फिरत होती आणि आत एसी इतका गार होता की मामांना तिथेच न्याय मिळाल्यासारखं वाटलं. वकीलसाहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "कबूल करून टाका. पहिलीच वेळ आहे, एका तारखेत मोकळे व्हाल. काय रे, जमेल ना?"

"हो साहेब," भाऊ म्हणाला.

तू चोरी केलीस का, हा प्रश्न त्या गार खोलीत कुणालाच सुचला नाही. मामा तर खूश होते. न केलेल्या चोरीचा डाग भावाच्या नावाला जन्मभर चिकटणार, आणि आम्ही हात जोडून आभार मानत बाहेर पडणार! माझं डोकं फिरलं. मी भावाला दंडाला धरून परत बाईंकडे नेलं.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "त्या दिवशी तू होतास कुठे?" एवढ्या दिवसांत हे विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मग त्यांनी समजावलं, "पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्ट पुरावा म्हणून धरत नाही. पण न्यायाधीश विचारतील तेव्हा हो म्हणालास, तर मग मलाही काही करता येणार नाही. घरी सराव करून घ्या याचा."

तर नागरिकशास्त्राचा शिक्षक घरी खुर्चीत बसून न्यायाधीश झाला. "गुन्हा कबूल आहे का?" "हो साहेब." पुन्हा. "हो साहेब." मी चिडलो, ओरडलो, तर तो आणखीच अदबीने हो म्हणू लागला. शेवटी माझ्या मुलीने मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. तिला मात्र तो हसत हसत नाही म्हणाला.

कोर्टात आरोप वाचून झाला. "समजलं का?" न्यायाधीशांनी विचारलं. "हो साहेब." "गुन्हा कबूल आहे?"

भावाने हात जोडले. मग म्हणाला, "नाय साहेब." आणि लगेच, "माफ करा साहेब."

खटला पुढे चालणार होता. पुढची तारीख घेऊन आम्ही बाहेर आलो आणि चहाच्या टपरीवर बसलो. भाऊ नवल वाटून म्हणाला, "दादा, नाय बोललो तरी साहेब रागावले नाय."

मी हसलो, आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. बाबा गेले तेव्हा आम्हा दोघांतल्या एकालाच शिकता येणार होतं. तो आठवीत होता, गणितात माझ्या पुढे. मी त्याला विचारलं होतं, "तू शाळा सोडशील का?"

"हो दादा," तो म्हणाला होता. आणि तो होकार मी लगेच धरला होता.