शाफ्टपुढच्या कठड्याची ओटी

अन्याय झाला तो अक्कांवर. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारचा भोंगा व्हायला पाव तास उरला असताना. ठिकाण जळगाव, रुळांच्या अलीकडची कापसाची जिनिंग फॅक्टरी. कोणावर आणि केव्हा, हे पहिल्याच ओळीत सांगायला मी त्या फॅक्टरीतच शिकलो. माझ्या पहिल्या पत्रकात ते तिसऱ्या पानावर होतं.

त्या जिनात यंत्रांवर सगळ्या बायाच कामाला. यंत्रांच्या रांगेमागून, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, एक लांबलचक लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्यावरचे पट्टे सगळी यंत्रं चालवायचे. यंत्रामागे सांडलेला कापूस गोळा करायला बायांना त्याच शाफ्टला खेटून वाकत जावं लागे. मध्ये आडोसा म्हणून काडी नव्हती. अक्कांचा पदर शाफ्टने धरला. बॉयलरवर काम करणाऱ्या माणसाने धावत येऊन शाफ्ट फिरवणारा मुख्य पट्टा पाडला म्हणून जीव वाचला. उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी मालकाने उपाय केला. पाटी लावली: ‘बायांनी पदर आवरून काम करावे.’ शाफ्टने काय आवरावं, याबद्दल पाटीवर अक्षर नव्हतं. शिवाय ती पाटी वाचता येणारी एकही बाई आत नव्हती. म्हणजे लोखंड निर्दोष, लुगडं गुन्हेगार!

सोमवारपासून अक्कांच्या जागी त्यांची नवी सून बसू लागली. तेच यंत्र, तोच शाफ्ट. मी विचारपूस करायला गेलो तर अक्का गळ्यात हात बांधून अंगणात बसलेल्या.

“मना हात गया ते गया, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पोरले काही व्हवाले नको.”

मी मूठ आवळून म्हणालो, “अक्का, पत्रक काढतो!”

धुळ्याच्या एका छापखान्यात मी पत्रकं लिहायला शिकलो होतो. शिकलो म्हणजे काय, उद्गारचिन्हांचे खिळे संपेपर्यंत लिहायचो. मागण्या दोन. शाफ्टला कठडा घाला, ही पहिली. बॉयलरची राख आणि तेलकट पाणी नाल्यात सोडणं थांबवा, ही दुसरी, कारण त्याच नाल्यावर बाया धुणं धूत आणि गुरं पाणी पीत. दुपारच्या सुटीत फॅक्टरीच्या दारात मी पत्रकं वाटू लागलो. एका बाईने कागद उलटासुलटा केला.

“काय लिखेल शे यामा?”

मी घसा साफ करून सुरुवात केली, “धनलोभाच्या रक्तपिपासू चक्राखाली भरडल्या जाणाऱ्या...”

“ते ऱ्हाऊ दे. कठडा लिखेल शे का?”

“आहे. शेवटी आहे.”

“मंग पहिले लिखाले काय झायं व्हतं?”

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो, पण मनातून नाही.

तरी पत्रकाचा एक परिणाम झाला. फॅक्टऱ्या तपासणारे साहेब येणार अशी वर्दी आली, आणि ते यायच्या सकाळी शाफ्टपुढे कठडा उगवला. हिरवा, लाकडी, छातीइतका उंच, चार हमालांनी उचलावा असा. साहेबांनी तो पाहिला, वहीत काहीतरी टिपलं आणि ते जेवायला गेले. ते फाटकाबाहेर पडतात न पडतात तोच हमालांनी दोऱ्या सोडल्या, कठडा बैलगाडीवर आडवा घातला, आणि गाडी निघाली रुळांपलीकडे. तिकडे याच शेठची दुसरी जिनिंग होती, आणि साहेब दुपारी तिकडे जाणार होते. दोन फॅक्टऱ्या, दोन शाफ्ट, कठडा एक!

मी धावलो. रेल्वेचं फाटक बंद होतं, ते मालगाडीपायी तासभर उघडलं नाही. पुढे कठड्याची गाडी, मागे जेवण उरकून आलेल्या साहेबांचा टांगा. यापेक्षा चांगला योग कोणत्या पंचांगात मिळतो?

“साहेब!” मी ओरडलो. “हा बघा! सकाळी पाहिलात तोच कठडा!”

साहेब खाली उतरले. कठड्यापाशी जाऊन त्यांनी हात पुढे केला. गाडीवर बसलेला मुकादम शांतपणे म्हणाला, “साहेब, तिकडच्या जिनासाठी नवा करून घेतलाय. रंग ओला आहे, कपडे खराब होतील.”

साहेबांनी हात मागे घेतला. “वा! काम झपाट्याने चाललंय,” ते म्हणाले. मग फाटक उघडल्यावर टांगेवाल्याला टांगा मागेच ठेवायला लावून त्यांनी गाडीला पुढे जाऊ दिलं. कठडा साहेबांच्या आधी पोचला. संध्याकाळी तो गोदामात जाऊन झोपला, आणि अक्कांची सून उघड्या शाफ्टशेजारी कापूस वेचत राहिली.

मी दुसरं पत्रक काढलं. वरच्या कचेरीत अर्ज केला, त्याच्यामागे आणखी एक केला. शेवटी साहेब संक्रांतीच्या आठवड्यात पुन्हा येणार असं कळलं. मी ते अक्कांना सांगायला गेलो.

“कठडा कितला येळ ऱ्हास आठे?” त्यांनी विचारलं.

“साहेबांचं जेवण होईपर्यंत.”

अक्कांनी डाव्या हाताने पदर खोचला. मग म्हणाल्या, “मंग त्यानी वटी भरू.”

माझं डोकंच फिरलं. “लाकडाची ओटी? अहो, आपण कायद्याने भांडतोय आणि तुम्ही हे खूळ काढता? हेच तर बंद पाडायचंय आपल्याला!”

“तू दोन पत्रकं काढ्यात, भाऊ. कठडा कोठे शे?”

 

ठरल्याप्रमाणे साहेब आले, कठडा पाहिला, टिपलं, जेवायला गेले. हमाल दोऱ्या आणायला वळले तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला आणि बायांनी कठड्याला गराडा घातला. हिरव्या गजांना हळद लागली, कुंकू लागलं, कोणीतरी हातातल्या काचेच्या बांगड्या अडकवल्या. पुढ्यात खण, तांदूळ, नारळ, वर तिळगूळ.

“नवरदेव कोन शे वं?” एकीने विचारलं.

“शाफ्ट! दिवसभर गरगर फिरस, अन घरनीना पदर वढस.”

हशा पिकला. अक्कांची सूनही तोंडाला पदर लावून हसत होती. हमाल आले, आणि जागच्या जागी थांबले.

“उचला!” मुकादम ओरडला.

“भरी वटीले कोन हात लाई?” एक हमाल म्हणाला आणि विडी पेटवायला बाहेर गेला. बाकीचे त्याच्यामागे.

मुकादमाने स्वतः बाह्या सारल्या. अक्का बाजूलाच उभ्या होत्या.

“लाव ना हात. सांजले घर जाईसन बायकोले सांग, काय कयं ते.”

मुकादमाने बाह्या खाली घेतल्या आणि शेठला बोलावून आणलं.

शेठ तावातावाने आला. पण समोर हळद, कुंकू, नारळ पाहिला आणि सवयीने त्याने दारातच जोडे काढले. तिथेच तो हरला. ज्याच्यापुढे आपण जोडे काढले ते उचलून बैलगाडीत कसं टाकणार?

“अक्का, हा काय प्रकार?”

“नांदाले येल सून शे, शेठ. तुम्हीच तिले घरमा लई उनात. आते मांगे कशी धाडतस?”

शेठने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साहेबांचं जेवण संपत आलं असणार. मी तोंड उघडलं, कायद्याचं कलम सांगायला. अक्कांनी डाव्या हाताने माझा सदरा ओढला. आयुष्यात इतक्या वेळेवर मी कधी गप्प बसलो नसेन.

“राहू द्या इथेच,” शेठ पुटपुटला.

पलीकडच्या जिनिंगमध्ये मग काय गोंधळ उडाला, तो तिथल्या बॉयलरवाल्याने मला सांगितला. शेठच्या ऑफिसचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि शाफ्टपुढे ठोकलं. साहेबांनी चष्मा सारखा केला.

“हे दार आहे ना?”

“हो साहेब,” मुकादम म्हणाला. “पण बंद आहे.”

आठवडाभर शेठ बिनदाराच्या ऑफिसात बसला. थंडी कडाक्याची होती. शेवटी सुताराला बोलावून तिकडे खरा कठडा झाला, आणि अलीकडचा, बांगड्या न काढता, जमिनीत खड्डे घेऊन पक्का रोवला. त्याच्या आड अक्कांची सून कापूस वेचू लागली. अक्का दुपारची भाकरी घेऊन येत तेव्हा आधी कठडा हलवून पाहत, मग सुनेला हाक मारत.

माझं धाडस वाढलं. “अक्का,” मी म्हणालो, “आता नाल्याचीही ओटी भरू!”

“नालानी वटी ते शेठच रोज भरस,” अक्का म्हणाल्या. “राखनी.”

नाल्याची ती मागणी अजून तशीच आहे, हे मी लपवत नाही.

आणि तुम्ही, हे वाचून गालातल्या गालात हसणारे! तुमच्या गावात जिन असेल, तेलाची गिरणी असेल. उद्या सकाळी पहिल्या भोंग्याला आत जा. शाफ्टपुढे आडोसा आहे का, पाहा. असेल तर दोन्ही हातांनी धरून जोर लावून हलवा. हलला, तर मालकाला तिथेच बोलवा, आणि तो आडोसा तुमच्या डोळ्यांदेखत जमिनीत रोवला जाईपर्यंत बाहेर पडू नका.