कडू दुधी

मंडईच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या भाजीवालीला सगळे चाखामावशी म्हणत. गिऱ्हाइकाने नुसतं काकडीकडे पाहिलं, तरी तिची चकती कापून ती त्याच्या हातावर ठेवायची. "आधी तोंडात टाक, मग घासाघीस कर!" थंडीत कोवळे मटार, उन्हाळ्यात कलिंगड, पावसात मक्याची कणसं. जो मोसम असेल त्याचं कौतुक ती असं करायची, की नवरा म्हणे, "एवढं कौतुक माझं केलं असतंस तर?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "तुम्ही काय मोसमी आहात? बारमाही आहात, म्हणून भाव उतरला!"

त्या उन्हाळ्यात धाकट्या जावेच्या परसात दुधीचा वेल मस्त फोफावला होता. जावेने टोपलीभर दुधी आणून दिले. हिरवेगार, नखाने दाबलं तर रस यावा असे. दुधी विकायला काढण्याआधी देठाकडची चकती चाखायची, हे आईने चाखामावशीला लहानपणीच शिकवलं होतं. गावात कडू दुधीचा रस पिऊन एक धडधाकट माणूस दगावला होता. पण त्या संध्याकाळी गर्दी होती, माल घरचा होता, आणि तिने सुरी हातात घेतलीच नाही. टोपली बघता बघता रिकामी झाली. एक दुधी तिने घरासाठी ठेवला.

सकाळी तो चिरताना सवयीने तिने एक फोड तोंडात टाकली आणि तशीच थुंकली. कडूजहर! चूळ भरली तरी घशात कडवटपणा चिकटून राहिला.

"फेकून दे," नवरा दाढी करता करता म्हणाला. "बाकीचेही थुंकतील. कडू भाजी कोण खातंय?"

"मास्तर," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

निवृत्त पोस्टमास्तर रोज फिरून आले की उपाशीपोटी दुधीचा कच्चा रस प्यायचे. कालच टोपलीतला सगळ्यात मोठा दुधी त्यांनी स्वतः निवडून नेला होता. ते थुंकणाऱ्यातले नव्हते. कारलं घेताना ते नेहमी म्हणायचे, "मावशी, जितकं कडू तितकं औषध."

"तुम्ही बाकीच्या गिऱ्हाइकांकडे जा. शिवणवाली, इस्त्रीवाला, शाळेतल्या बाई, सगळ्यांना सांगा!" असं नवऱ्याला ओरडून सांगत ती अनवाणीच निघाली.

मास्तरांचं घर तिने कधी पाहिलं नव्हतं. शाळेमागच्या पिवळ्या इमारतीत राहतात, एवढंच ठाऊक. पिवळ्या इमारती दोन निघाल्या. पहिलीत कुणाला काही माहीत नव्हतं. एका बाईने तर "आज भाजी नको" म्हणत दारच लावून घेतलं. ती दुसरीच्या जिन्यात शिरली. वरून कुठून तरी मिक्सरची घरघर येत होती. ती कठडा धरून चढत असतानाच घरघर थांबली.

त्या शांततेची तिला जास्त भीती वाटली.

दार मास्तरांनीच उघडलं. हातात पेला, मिशीला हिरवा फेस.

"अरे, मावशी! आज घरपोच?"

तिने पेल्यावर झडप घातली. रस दोघांच्या अंगावर सांडला.

"किती प्यायलात?"

"अर्धा असेल. आज जरा कडू—"

"अहो, विष आहे ते! चला, दवाखान्यात चला!"

मास्तर हसले. "काही होत नाही, मला तर…" वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी पोट धरलं, चेहरा पांढराफटक पडला. आतून सून धावत आली. रिक्षात मास्तरांचं डोकं सुनेच्या खांद्यावर होतं. त्यांना उलट्या होत होत्या, आणि शेवटच्या उलटीत रक्त दिसलं. चाखामावशीने त्यांचा गार हात घट्ट धरला. 'माणूस माझ्या हाताने गेला' एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना लगेच आत नेलं. ती बाहेर फरशीवर बसून राहिली. सून एकदाच तिच्याजवळ आली. आता आपल्याला बोल लावणार, म्हणून मावशीने मान खाली घातली. सून म्हणाली, "पाणी घ्या. तुमच्या पायातून रक्त येतंय."

मास्तर वाचले. अशक्तपणा मात्र कितीतरी दिवस टिकला. बाकीच्यांनी पहिल्याच घासाला भाजी टाकून दिली होती. जावेने रडत रडत वेल मुळासकट उपटला. नवरा म्हणाला, "झालं गेलं, सुटलीस." लोकही म्हणाले, मावशीमुळेच माणूस वाचला. तिला ते ऐकवत नसे.

तिने दुधी विकणं सोडलं. थंडीत मटार आले, मास्तर काठी टेकत आले, उभ्या उभ्या शेंगा सोलून खाऊ लागले. ते हसत होते. ती मात्र त्यांच्या गळ्याकडे पाहत होती, घास नीट उतरतोय ना म्हणून.

अजूनही रोजचं गिऱ्हाईक दोन दिवस दिसलं नाही, की तिच्या छातीत धस्स होतं. मग ती शेजारच्या कांदेवाल्याला म्हणते, "जरा बघ रे इकडे," आणि त्या माणसाचं दार शोधत निघते.